सेंटर सगळेच विचारतात, ग्रुप कोणी विचारत नाही

मला येणारे फोन साधारण एकाच छापाचे असतात. "तुम्हाला यातलं माहितीये म्हणून विचारतो, आमच्या मेव्हण्याची दारू सोडवायला एखादं चांगलं व्यसनमुक्ती सेंटर सांगा ना." मग फी किती, किती दिवस ठेवतात, मोबाईल देतात का, घरच्यांना भेटू देतात का, तो यायला तयार नसेल तर न्यायला गाडी येते का, असले सगळे प्रश्न होतात. शेवटी मी विचारतो की बाहेर आल्यावर तो कुठल्या ग्रुपला जाणार, की तिकडून एकदम सामसूम. "म्हणजे? बरा होऊनच येईल ना तो?"

इथेच तर सगळा घोळ आहे. आपल्याकडे दारू सोडवणं म्हणजे अपेंडिक्सचं ऑपरेशन असल्यासारखं बघतात, आत गेला, काढून टाकलं, टाके सुकले, घरी आला. सेंटरमध्ये महिनाभर माणूस पीत नाही त्याचं निम्मं कारण तिथे दारू मिळतच नाही हे असतं. सकाळी योगा, मग ग्रुप थेरपी, जेवण, समुपदेशन, रात्री दहाला दिवे बंद. आणि मग डिस्चार्ज होऊन तो डोंबिवली स्टेशनला उतरतो, रिक्षा स्टँडच्या शेजारी तेच वाईन शॉप, त्याच्या बाहेर तेच चार चेहरे, आणि संध्याकाळचे सात वाजलेले. आता काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलेलं असतं पण त्याने ते वहीत लिहून वही बॅगेत ठेवलेली असते.

चांगली सेंटरं हे ओळखून असतात. पुण्यातलं मुक्तांगण घ्या, 29 ऑगस्ट 1986 ला सुरू झालं, पु.ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं. तिथे 35 दिवस ठेवतात पण 35 दिवसांत तू बरा झालास असं कधी म्हणत नाहीत, फॉलोअपला यायलाच लावतात, आणि न पिता वर्ष झालं की वाढदिवस साजरा करतात. पेशंटच्या बायकांसाठी वेगळा 'सहचरी' गट आहे. म्हणजे ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय तेच सांगतायत की खरं काम घरी गेल्यावर सुरू होतं. पण आपण ऐकतो ते फक्त 35 दिवस.

तर हे सगळं ग्रुप शोधण्याबद्दल आहे, म्हणजे दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं न पिण्यासाठी नेमाने एकत्र बसतात ते. मी स्वतः अल्कोहोलिक आहे, सध्या पीत नाही, नाव लिहीत नाही कारण अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे आमच्या एएची, रीतच तशी आहे, चारचौघात पूर्ण नाव आणि फोटो मिरवायचा नाही.

आधी एक गोष्ट, कारण ही राहून गेली तर जीवावर बेतू शकतं. जो माणूस रोज पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या लावतो, त्याने हे वाचून आजपासून एकदम बंद करून मीटिंगला जायचं असं करू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, घरातलीच माणसं ओळखू येत नाहीत, यात माणसं जातात. त्यामुळे पहिल्यांदा डॉक्टर, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ, सिव्हिल हॉस्पिटलमध्येही असतात. गोळ्या देतात, बी वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन देतात, आठवडाभरात शरीर ताळ्यावर येतं. ग्रुप हा त्याच्या जोडीने आणि त्याच्यानंतर, त्याच्याऐवजी नाही.

आणि ते "न सांगता दारू सोडवा" वाल्या पुड्या, लोकलच्या डब्यात स्टिकर असतात बघा, त्या चहात भाजीत घालून देऊ नका. त्यात नक्की काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. दारूवर उलटणारं औषध खरंच आहे, डॉक्टर देतात, पण ते माणसाला सांगून, त्याची तयारी असताना, कारण ते पोटात असताना दारू प्यायलं तर बीपी कोसळतो, छातीत धडधडतं, हार्टचा त्रास असेल तर संपलंच. पण म्हणून घरच्यांवर राग काढायचा नाही, वहिनींना बिचाऱ्यांना दुसरं काही सुचत नाही म्हणून त्या करतात.

आता शोधायचं कसं. फोनवर "दारू सोडण्यासाठी ग्रुप" असं टाकलं की येतात त्या सगळ्या सेंटरच्या जाहिराती. मी टाकलं होतं आणि एका ठिकाणी नंबर भरला, तर पंधरा मिनिटांत फोन सुरू, सर पेशंट कोण आहे, आजच गाडी पाठवतो, डिस्काउंट देतो. मी म्हटलं पेशंट मीच आहे, मला अॅडमिट नाही व्हायचं, जवळ कुठे मीटिंग असते का ते सांगा, तर फोन ठेवला. नंतर कळलं की यातल्या बऱ्याच जणांना माणूस आणून दिला की कमिशन मिळतं. मीटिंगला कोणी पाठवलं तर कमिशन शून्य, मग कशाला सांगतील.

सरळ रस्ते वेगळेच आहेत. एएची भारतातली स्वतःची वेबसाईट आहे, हेल्पलाइन आहेत, तिथे शहराचं नाव सांगितलं की वार, वेळ, जागा सांगतात, आणि फोन उचलणारा स्वतः पिऊन सोडलेला असतो त्यामुळे तुमचं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याला कळलेलं असतं. सरकारची 14446 ही नशामुक्तीची टोल फ्री लाइन आहे, आणि 14416 ही टेलिमानसची, ती मानसिक आरोग्याची आहे पण दारूबद्दलही बोलता येतं, मराठीत, रात्री दोनलाही. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतल्या समाजसेविका मॅडमना विचारा, त्यांच्याकडे जवळपासच्या मीटिंगचे वार तोंडपाठ असतात. आणि चर्च. तुम्ही हिंदू असा की कोणीही असा, चर्चच्या नोटीस बोर्डाकडे एकदा बघून या, मुंबई, वसई, गोवा या पट्ट्यात कित्येक मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेत भरतात. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं तेही चर्चच्याच आवारात, तेही एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडायचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम, आणि योगासनं जोडून.

माझी मीटिंग पालिकेच्या शाळेत निघाली. पत्ता फोनवर मिळाला होता पण तिथे पोचलो तर गेट अर्धं बंद, बोर्ड बिर्ड काही नाही, मी दोनदा गेटवरून पुढे गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा वॉचमनच म्हणाला, "दारूवाल्यांची मीटिंग ना? वर जा, दुसरा मजला, चौथी ब." इतक्या मोठ्यांदा की रस्त्यावरचा इस्त्रीवाला पण बघायला लागला. आता गंमत बघा, याच इस्त्रीवाल्याने मला किती वेळा गटाराच्या कडेला बसलेलं बघितलं असेल, सोसायटीतल्या लोकांनी मला रिक्षातून उचलून लिफ्टमध्ये घातलंय, तेव्हा काही वाटलं नाही आणि सोडायला निघालो तर लाज वाटतेय. सगळ्यांचंच असं होतं, मी नंतर विचारून घेतलंय. काही जण मुद्दाम दोन स्टेशनं सोडून लांबच्या मीटिंगला जातात, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून, आणि तिथे नेमका ऑफिसातला माणूस भेटतो. पण तोही तिथे त्याच कामासाठी आलेला असतो ना.

चौथी ब. बाक लहान मुलांचे, गुडघे वर येतात, पन्नाशीचे बाप्ये कसेबसे अडकून बसलेले. फळ्यावर सकाळची तारीख, त्याखाली पट 41, हजर 33, आणि कोपऱ्यात शाळेचा सुविचार, सत्य बोलावे असं काहीतरी. खिडकीच्या गजाला सुतळीने बारा पायऱ्यांचा कापडी बॅनर बांधलेला, एक टोक वाऱ्याने सारखं सुटत होतं आणि एक जण दर पाच मिनिटांनी उठून ते बांधत होता. टेबलावर किटली, पार्ले जी. हजेरी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. मी खिशात पाकीट चाचपत विचारलं फी कुठे भरायची, तर एक रेल्वेतून रिटायर झालेले काका म्हणाले, "बस रे. आज काय बोलू पण नको. नुसतं ऐक आणि जा." शेवटी एक कापडी पिशवी फिरली, ज्याला वाटेल त्याने दहा वीस टाकले, आणि नवीन माणसासमोरून पिशवी तशीच पुढे नेली. त्यातूनच चहा, पुस्तकं, जागेचं जे काही असेल ते. बाहेरच्या कोणाची देणगी घेतच नाहीत, नगरसेवक द्यायला आला तरी नाही. हे मला फार आवडलं, कारण देणगी म्हटली की फ्लेक्स आलाच.

मीटिंगमध्ये होतं काय, तर खरं सांगायचं तर काहीच होत नाही. एक जण चेअर करतो, सुरुवातीचं वाचन होतं, मग एकेक जण नाव सांगून मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःचं बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, तू असं करायला हवं होतंस असं म्हणत नाही. आपल्याकडे हे किती अवघड आहे विचार करा, दहा मराठी माणसं एका खोलीत आणि कोणी कोणाला सल्ला देत नाहीये. मी घरी, ऑफिसात, देवळात, सासुरवाडीत इतकी भाषणं ऐकली होती दारूवर की मला ती पाठ होती. इथे भाषणच नव्हतं. एक जण सांगत होता की त्याने मुलीच्या शाळेची फी क्वार्टरमध्ये घालवली आणि शाळेत जाऊन बाईंना सांगितलं की पाकीट मारलं. बास, एवढंच सांगून तो बसला. कोणी अरेरे केलं नाही. मला वाटलं हा माझं कसं काय सांगतोय.

हीच यातली मूळ युक्ती आहे आणि ती फार जुनी आहे. 1935 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या अॅक्रन गावात बिल नावाचा एक शेअर दलाल, जेमतेम काही महिने सोडलेला, प्यायची तलफ आली म्हणून दुसरा दारुडा शोधत निघाला, त्याला उपदेश करायला नाही तर स्वतः पिऊ नये म्हणून. त्याला बॉब नावाचा सर्जन भेटला. त्या डॉक्टरने शेवटची दारू 10 जूनला घेतली, तोच एएचा स्थापना दिवस धरतात. मुंबईत हे आलं 1957 मध्ये. मी थोडा शंकेखोर आहे म्हणून याचा काही पुरावा आहे का तेही बघितलं, तर 2020 साली कोक्रेनने, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने, 27 अभ्यास एकत्र करून आढावा घेतला, त्यात सलग न पिता राहण्याच्या बाबतीत माणसाला एएकडे नीट जोडून देणारे उपचार इतर मानसोपचारांपेक्षा कमी पडले नाहीत, उलट बऱ्याचदा सरस ठरले. फुकटातलं आहे म्हणून भिकार असेल असं समजू नका एवढंच.

देवाचं मात्र बोलायला हवं, कारण निम्मे लोक तिथे अडतात. बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, उच्चशक्ती येते, शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात. आमच्याकडे एक पक्का नास्तिक आहे, कॉलेजात असल्यापासून अंधश्रद्धेविरुद्ध पथनाट्य करणारा, तो पहिल्या दिवशी उठून जायला निघाला होता. आता तो म्हणतो माझी उच्चशक्ती म्हणजे ही चौथी ब, माझ्या एकट्याच्या अकलेपेक्षा ही खोली जास्त हुशार आहे. त्याच्या शेजारी बसतो तो वारकरी. त्याचं काही अडतच नाही, त्याचा विठोबा ठरलेला. आणि खरं बोलायचं तर आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली माणसं खेडोपाडी आहेत, त्याला हसण्यासारखं काही नाही. नीट बघितलं तर तोही ग्रुपच आहे, एकादशी, कीर्तन, सप्ताह, दिंडी, सतत बरोबर न पिणारी माणसं, आणि गावाला माहीत की याने माळ घातलीय. फरक इतकाच की माळ खुंटीला ठेवून पिणारेही मी बघितलेत, आणि एकदा तसं झालं की तो माणूस लाजेने परत कीर्तनाला जात नाही. मीटिंगमध्ये स्लिप झालेला, म्हणजे मधेच पुन्हा प्यायलेला, परत येतो, निदान येऊ शकतो, त्याला कोणी विचारत नाही की किती पेग मारले, फक्त म्हणतात आलास ना, बस.

बरं मग कुठला ग्रुप चांगला? माझं मत ऐकायचं तर जवळचा. पावसाळ्यात, गाड्या लेट असताना, बॉसने डोकं खाल्लेलं असताना ज्या मीटिंगला तुम्ही पोचू शकाल ती चांगली. नावाजलेल्या ग्रुपला दीड तास प्रवास करून दोन महिने जाणारे आणि मग बंद करणारे खूप आहेत. भाषा पण बघा. मुंबईत इंग्रजी मीटिंग आहेत, हिंदी आहेत, मराठी आहेत, काही ठिकाणी कोंकणीही. ऑफिसात इंग्रजी झाडणारे लोक इंग्रजी मीटिंगला जातात आणि तिथे छान छान बोलून येतात. भांडताना तोंडात येते त्या भाषेतल्या मीटिंगला जा, तिथे खोटं बोलायला जड जातं. आणि एका मीटिंगवरून ठरवू नका, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा, कुठे सगळे म्हातारे, कुठे हसणं खिदळणं जास्त, कुठे एकच माणूस अर्धा तास बोलतो. आमच्याकडेही एक आहेत तसे, सगळे घड्याळ बघतात पण कोणी काही म्हणत नाही.

सावध कुठे व्हायचं तेही सांगतो. कोणी पैसे मागितले, कोणी म्हणालं की मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर त्याही नशाच आहेत, कोणी तुमचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला, कोणी बिझनेस किंवा पॉलिसी विकायला लागलं, तर तो ग्रुप सोडा, दुसरा बघा. गोळ्यांचं विशेष करून, डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्यायचं.

बायकांना हे सगळं दुप्पट कठीण आहे. चौथी ब मध्ये कधी एखादी ताई आलीच तर वीस पुरुषांत एकटी, आणि पुरुषाची दारू लोक पचवतात, बाईची नाही, तिला घरातले लपवूनच ठेवतात. बायकांच्या वेगळ्या मीटिंग मोठ्या शहरात आहेत, मुक्तांगणचं बायकांसाठी 'निशिगंध' म्हणून वेगळं केंद्र आहे, आणि लॉकडाऊनपासून ऑनलाइन मीटिंग वाढल्या त्याचा सगळ्यात जास्त उपयोग बायकांना झाला असं मला वाटतं. कॅमेरा बंद, नाव दुसरं, स्वयंपाकघरातून.

गावाकडे काय करायचं हा प्रश्न खराच आहे. माझा एक आतेभाऊ सोलापूरकडच्या एका गावात असतो, जवळची मीटिंग म्हणजे एसटीने तास दीड तास, परतीची गाडी मिळेल न मिळेल. एम्सने 2019 मध्ये देशभराचा अहवाल दिला होता, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या साधारण 38 माणसांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो असं आहे, उरलेले 37 कुठे असतात ते आतेभावाच्या गावात गेल्यावर कळतं, पारावर. त्याने ऑनलाइन सुरू केलं, मग फोनवर एक माणूस, ज्याला आम्ही स्पॉन्सर म्हणतो, म्हणजे जुना जाणता, तलफ आली की प्यायच्या आधी ज्याला फोन लावायचा तो. मग गावातलाच आणखी एक जण तयार झाला. एएच्या परंपरेत स्पष्ट आहे की दोन तीन दारुडे न पिण्यासाठी एकत्र बसले की तो ग्रुप झाला, परवानगी लागत नाही. हे दोघं मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात गुरुवारी बसायला लागले. लोकांना वाटलं पत्ते खेळतायत. आता पाच-सहा जण असतात.

घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, तेही अमेरिकेतच 1951 मध्ये सुरू झालेलं, बिलच्या बायकोने. आमची ही जाते. सुरुवातीला मला राग यायचा, आता मी पीत नाही तर तू कशाला जातेस रडगाणं गायला. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही जात हं मी, माझ्यासाठी जाते." वर्षानुवर्षं मी दारात आलो की ती आधी वास घ्यायची, चप्पल काढायच्या आत, पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने जवळ यायची. मी सोडल्यावरही ती सवय गेली नव्हती, तिचं शरीर अजून त्याच ड्युटीवर होतं. माझ्या मीटिंगने ते गेलं नसतं, तिच्या मीटिंगने गेलं, बरंचसं. म्हणून मेव्हण्यासाठी फोन करणाऱ्यांना मी सांगतो की तो तयार नसला तरी तुम्ही जा, तुमच्यासाठीचा ग्रुप वेगळा आहे, तुम्हाला त्याच्या परवानगीची गरज नाही.

गटारी, थर्टी फर्स्ट, मित्राच्या भावाची हळद हे दिवस वेगळे काढून ठेवायचे. आमच्याकडे गटारीच्या संध्याकाळी मुद्दाम मीटिंग ठेवतात आणि त्या दिवशी वर्गात बसायला जागा नसते. "एकच घे रे" म्हणणारे मित्र वाईट नसतात, त्यांना एक घेऊन थांबता येतं, त्यामुळे तुम्हाला का येत नाही ते त्यांना कधी कळणारच नाही, समजावत बसू नका, सरळ निघून या.

शेवटचं, हे मला हमखास विचारतात, अजून पितोय, सुटलेली नाही, तरी मीटिंगला आलो तर चालेल का? चालतं. सभासद व्हायला फक्त दारू सोडायची इच्छा लागते, सोडलेली असावी लागत नाही. आमच्याकडे पिऊन आलेल्यालाही बसू देतात, त्या दिवशी बोलू देत नाहीत एवढंच, मागच्या बाकावर बसायचं, चहा प्यायचा, आणि संपल्यावर कोणीतरी स्टेशनपर्यंत सोबत येतं आणि सकाळी फोन करतं. तेवढं बाईक घेऊन मात्र येऊ नका.